किल्ली, खटका आणि कळ : मोटार सुरू करण्याच्या साधनांचा इतिहास व मराठवाड्यातील बोली

लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रेणा नदीच्या परिसरात, रेणापूर हे तालुक्याचे गाव आहे. रेणुकादेवीच्या मंदिरामुळे या गावाचे नाव पंचक्रोशीत पूर्वीपासून परिचित आहे. निवाडा येथील रेणा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यापासून गळीत हंगामात तालुक्यातील रस्त्यांना निराळेच रूप येते. उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस ये-जा करीत असतात. त्यांतील एखाद्या जुन्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डाकडे पाहिले असता किल्लीच्या जागी रिकामे भोक, त्याच्या शेजारी एक खटका आणि खाली एक बटण अशी रचना दृष्टीस पडते. खटका पाडला की विजेचा प्रवाह सुरू होतो. बटण दाबले की इंजिन फिरू लागते. वायरिंगवाला या कामाला ‘डायरेक्ट करणे’ असे म्हणतो.

शहरातील मनुष्य ही रचना पाहून तिला हलगर्जीपणा किंवा ओबडधोबड काटकसर समजतो. हा समज सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्यामागे एक ऐतिहासिक विपर्यास आहे. किल्ली हे मोटार सुरू करण्याचे मूळ साधन, आणि खटका व बटण ही तिची भ्रष्ट रूपे, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची पद्धत या इतिहासात बरीच उशिरा आली, आणि ती आल्यानंतरही जेथे एक वाहन अनेकांच्या हाती होते व काम थांबवणे परवडत नव्हते, तेथे ती पुनःपुन्हा मागे पडली आहे.

‘गाडी सुरू करणे’ हा एकच वाक्प्रचार असला तरी त्यात दोन भिन्न कृती सामावलेल्या आहेत. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण पेटवण्यासाठी ठिणगी लागते, आणि ठिणगीसाठी बॅटरीचा प्रवाह इग्निशन कॉइलपर्यंत पोहोचावा लागतो. ही पहिली कृती. दुसरी कृती म्हणजे थांबलेले इंजिन बाहेरच्या बळाने फिरवणे. कारण पहिला स्फोट होईपर्यंत इंजिन स्वतःच्या बळावर फिरू शकत नाही. पहिल्या कृतीला काही थोडे अँपिअर प्रवाह पुरतो. दुसरी विजेच्या साहाय्याने करावयाची तर शंभर, दोनशे किंवा त्याहूनही अधिक अँपिअर लागतात. म्हणून पहिलीसाठी बारीक तार व साधा खटका चालतो, तर दुसरीसाठी अंगठ्याएवढी जाड केबल लागते. या दोहोंखेरीज एक तिसरी गोष्ट आहे : गाडी कोणी सुरू करावी हे ठरवणे. यंत्राला तिची मुळीच आवश्यकता नसते. ती मालकाची गरज आहे. किल्लीचे खरे काम एवढेच, आणि या लेखाचा विषय मुख्यतः तीच आहे.

प्रारंभीच्या मोटारीत दुसरी कृती हाताने करावी लागे. गाडीच्या तोंडाशी हँडल घालून ते जोराने वर ओढावयाचे, ही रीत जगभर एकच होती. हे काम धोक्याचे होते. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरे आणि हँडलचा तडाखा मनगटावर बसे. हाड मोडणे ही नित्याची दुखापत होती. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा, दांडीभोवती वळवू नये, अशी शिकवण नवख्याला प्रथम दिली जाई. लॉरी व बस यांच्या बाबतीत ड्रायव्हर आपल्या जागी बसे आणि हँडल मारण्याचे काम बहुधा क्लीनरच्या वाट्याला येई. नाव पुसण्याझाडण्याचे आणि काम मनगट मोडून घेण्याचे, असा तो हुद्दा होता. ठिणगीचा खटका ड्रायव्हरच्या हाताशी, हँडल क्लीनरच्या हाती. एका वाहनाचा आरंभ दोघांत वाटलेला होता.

ही विभागणी संपवली ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने. त्याचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक कंपनीने १९१२ सालच्या गाड्यांत बसवला. हँडलच्या तडाख्याने बायरन कार्टर हा मोटार-निर्माता मरण पावला व त्या दुःखातून कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी हा शोध करवून घेतला, अशी एक हृदयस्पर्शी कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. ती १९१० च्या हिवाळ्यात घडली असे म्हणतात. परंतु कार्टर १९०८ सालीच निवर्तला होता. कथा अशी डळमळीत असली तरी तिच्यामागील भय खरे होते. नवे साधन मात्र सर्वत्र एकदम पसरले नाही. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला विजेचा स्टार्टर १९१९ साली मिळू लागला, आणि रोल्स-रॉइससारख्या महागड्या गाडीनेही तो त्याच वर्षी स्वीकारला. हैदराबादच्या निजामासाठी तयार झालेली सिंहासनासारख्या आसनाची रोल्स-रॉइस १९१२ च्या बनावटीची आहे. म्हणजे त्या काळी संस्थानच्या अधिपतीची गाडी आणि बाजारातली लॉरी हँडलच्या बाबतीत समान पातळीवर होत्या.

ज्या १९११ साली केटरिंगचा हा प्रयोग यशस्वी झाला, त्याच साली बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोहोचली. हा निव्वळ योगायोग होय. परंतु मराठवाड्याच्या या भागात यंत्राच्या वाहनाची ओळख आधी रुळांवर झाली आणि मोटार नंतर आली, हे त्यावरून ध्यानात येते. निजाम संस्थानात सार्वजनिक मोटार-वाहतूक रेल्वेच्याच छत्राखाली उभी राहिली. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्या व १६६ नोकर यांनिशी आपला रस्ते-वाहतूक विभाग सुरू केला. त्या आरंभीच्या गाड्यांपैकी एक अल्बियन बस पुढे जतन करून ठेवण्यात आली.

येथे भाषेच्या दृष्टीने एक लक्षणीय गोष्ट घडली. हैदराबादेत १९१७ साली भाषांतर-विभाग आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले होते. शास्त्रे व अभियांत्रिकी यांसाठी अरबी-फारसी धातूंवरून उर्दू परिभाषा घडवण्याचे मोठे कार्य तेथे चालू होते. तथापि मोटारीच्या पुढच्या भागाशी उभा राहणाऱ्या माणसाने त्या परिभाषेची वाट पाहिली नाही. त्याने ‘हँडल’ घेतले, ‘क्लीनर’ घेतला आणि ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दातील नेमके विशेषण उचलून ‘सेल्फ’ हे नाम बनवले. पुढे मराठीतही तज्ज्ञांनी ‘प्रज्वलन’ यांसारखे शब्द पाठ्यपुस्तकांतून रूढ केले; गॅरेजपर्यंत तेही गेले नाहीत.

‘सेल्फ’ या शब्दाची घडण थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. इंग्रजीत या जोडशब्दातून पुढे ‘स्टार्टर’ हा उत्तरांश शिल्लक राहिला. मराठीत पूर्वांश राहिला. याचे एक कारण असे संभवते की, शेतकऱ्याच्या जगात ‘स्टार्टर’ हे नाव दुसऱ्याच वस्तूने व्यापले. विहिरीवर विजेचा पंप आला तेव्हा त्याच्याबरोबर हिरवे व तांबडे बटण असलेली पेटी आली आणि ती ‘स्टार्टर’ झाली. पंप स्वतः ‘मोटर’ झाला. बैलांनी ओढावयाची चामड्याची मोट जाऊन तिच्या जागी मोटर आली, यात व्युत्पत्तीचा काहीएक संबंध नसताना उच्चाराचा असा मेळ जमला की, त्याचे नवल वाटावे. ‘मोटर चालू कर’ हे वाक्य आज खेड्यात प्रथम विहिरीची आठवण करून देते, रस्त्याची नव्हे. अशा स्थितीत वाहनाच्या स्टार्टरला वेगळे नाव असणे सोयीचेच होते.

या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे अधिक बोलकी आहेत. हँडल मारतात, किक मारतात, सेल्फही मारतात. वस्तुतः सेल्फ मारण्यात मारण्यासारखे काही नाही. बोट टेकवणे एवढेच काम आहे. हँडलच्या काळातील अंगमेहनतीचे क्रियापद नव्या साधनाला चिकटून राहिले. जुनी बॅटरी असली की ‘गाडी सेल्फ घेत नाही’ असे म्हणतात आणि मग चार माणसे धक्का मारतात; तेथे क्रियापदाला आपला मूळ अर्थ परत मिळतो. खटका ‘पाडतात’ किंवा ‘ओढतात’, बटण ‘दाबतात’. ‘खटका’ हा ध्वन्यनुकारी शब्द मोटारीहून पुष्कळ जुना आहे. दाराच्या, पेटीच्या, बंदुकीच्या यंत्रणेला तो पूर्वीपासून लावला जाई. ‘कळ’ हा त्याचा सोबती; ‘कळ दाबणे’ आणि ‘कळसूत्री’ या प्रयोगांत अदृश्य यंत्रणा चालवणाऱ्या एका लहानशा अवयवाची कल्पना आधीच तयार होती. विजेचे बटण आले तेव्हा मराठीला त्यासाठी नवी कल्पना बनवावी लागली नाही.

किल्लीची क्रियापदे याहून निराळी आहेत. किल्ली देतात, घेतात, मागतात, ठेवतात, हरवतात. घरातील किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे यावरून घरात सत्ता कोणाची हे कळते, आणि सासूने सुनेच्या हाती किल्ल्या देणे ही घराच्या इतिहासातील एक घटना असते. ‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’पासून आला आणि ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आली. परंतु शब्द कोठूनही येवोत, त्यांच्याभोवतीची भाषा स्वामित्वाची आहे. घड्याळाला किल्ली देणे हा यास अपवाद म्हणावा लागेल. कारण तेथे किल्ली खरोखरच यंत्रात शक्ती भरते. मोटारीची किल्ली तसे काही करीत नाही. तरुण ड्रायव्हरांच्या तोंडी ‘चावी मारणे’ असा प्रयोग ऐकू येतो खरा. तो ‘सेल्फ मारणे’ यावरून घडलेला दिसतो, आणि तो घडण्यास एक विशिष्ट तांत्रिक बदल कारण झाला. त्याकडे वळण्यापूर्वी जीपगाडीचा उल्लेख करणे अवश्य आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी तयार झालेल्या विलिस जीपच्या आरंभीच्या गाड्यांत इग्निशनला किल्ली होती. परंतु ही किल्ली सर्व गाड्यांना एकच असे. तिच्यावर ‘एच ७००’ हा क्रमांक असे. एका शिपायाची किल्ली दुसऱ्याच्या गाडीला चाले, म्हणजे कुलूप हे नावापुरतेच होते. उलट किल्ली हरवली तर रणभूमीवर गाडी अडून राहण्याचा धोका होता. म्हणून युद्धाच्या उत्तरार्धात किल्लीचे इग्निशन काढून त्याऐवजी साधा फिरवण्याचा खटका बसवण्यात आला. इंजिन फिरवण्यासाठी तळाशी पायाने दाबावयाचे बटण होतेच. ते जाड केबलच्या मार्गातच बसवलेले असल्यामुळे त्याला पायाचा जोर लागे. किल्ली काढून खटका व बटण ठेवणे, हा जो उद्योग आज वायरिंगवाल्याच्या नावे मोडतो, तो अशा रीतीने एका मोठ्या सैन्याने विचारपूर्वक आणि कारखान्यातच केला होता. युद्ध संपल्यावर १९४५ साली हीच जीप शेतकऱ्यांसाठी म्हणून बाजारात आली. तेव्हा तिचे पायाचे बटण तसेच राहिले. किल्ली मात्र परत आली. यंत्र तेच होते. बदलला होता तो मालक.

मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासात लष्करी वाहनांचे एक आगमन फार महत्त्वाचे आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेल्या पोलीस कारवाईत भारतीय सैन्याच्या तुकड्या अनेक दिशांनी संस्थानात शिरल्या. त्यांपैकी एक तुकडी जालन्यानंतर लातूर व पुढे मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे पोहोचली. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. जीप या वाहनाचा सरकारशी जोडला गेलेला अर्थ पुढील दशकांत अधिक दृढ झाला. महिंद्र कंपनीने १९४७ पासून भारतात जीपची जुळणी सुरू केली होती, आणि तहसील व विकासगट यांच्या कचेऱ्यांपुढे उभी असलेली जीप हे खेड्यातील शासनाचे दृश्य चिन्ह बनले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हा या जीपला आणखी मागणी आली. अशा गाडीचा ड्रायव्हर बदले, साहेबही बदले. गाडी तीच राही.

किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करण्याची पद्धत १९४९ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या गाड्यांत आणली. ती शक्य होण्यास सोलेनॉइड कारणीभूत झाला. लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा हा विद्युत्-चुंबकीय खटका स्टार्टरजवळ बसवला की, जाड केबल डॅशबोर्डापर्यंत न्यावी लागत नाही. तेथून केवळ इशारा दिला की पुरते. इशारा बटणाने देता येतो, तसा किल्लीनेही. क्रायस्लरने तिन्ही गोष्टी, म्हणजे परवानगी, ठिणगी आणि इंजिन फिरवणे, एका मनगटाच्या वळणात आणल्या. पुढे त्याच किल्लीने स्टीअरिंगही बंद होऊ लागले. आपल्याकडे हे एकत्रीकरण सावकाश झाले. अँबॅसडर गाडीच्या पुढच्या बाजूस हँडल घालण्याची सोय दीर्घकाळ राहिली आणि ती सोय असणे हे ग्राहकाला भरवशाचे वाटे. ‘चावी मारणे’ हा प्रयोग रुळला तो किल्लीला इंजिन फिरवण्याचे काम मिळाल्यानंतरच.

आता ट्रॅक्टरकडे परत येता येते. ट्रॅक्टरचे इंजिन डिझेलचे असते आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. म्हणून त्याच्या बाबतीत ‘इग्निशनची किल्ली’ हा शब्दप्रयोगच अयथार्थ आहे. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन किल्ली उलट फिरवून थांबतही नाही. त्यासाठी इंधन तोडणारी दांडी ओढावी लागते. म्हणजे ट्रॅक्टरच्या किल्लीला पहिली कृती कधीच नव्हती. स्टार्टरला इशारा देणे आणि परवानगी राखणे एवढेच तिचे काम. वायरिंगवाला जेव्हा ती काढतो तेव्हा यंत्राच्या चालण्यात काहीच कमी होत नाही. कमी होते ती फक्त परवानगी.

गळीत हंगामात ही परवानगीच अडचणीची ठरते. तोडलेला ऊस पडून राहिला तर त्याचे वजन आणि साखरेचे प्रमाण दोन्ही घटतात. ट्रॅक्टर एकाचा, ड्रायव्हर दुसरा, रात्रपाळीला तिसरा. कारखान्याच्या वजनकाट्यासमोर लागलेल्या रांगेत गाडी पुढे घेणारा कदाचित चौथाच. धुळीने व चिखलाने कुलपाचा गाभा झिजतो, किल्ली खिशातून पडते, आणि ज्याच्याजवळ दुसरी किल्ली आहे तो मालक गावी असतो. रणभूमीवर जीपची जी अडचण होती तीच येथे उसाच्या फडात पुन्हा उभी राहते, आणि उपायही तोच निघतो. या दोन ठिकाणांत तुलनेचा संबंध आहे, अनुकरणाचा नाही.

परंतु दोन्ही उपायांत एक भेद आहे आणि तो उपेक्षणीय नव्हे. जीपचे बटण तळाशी, ड्रायव्हरच्या पायाजवळ होते. आसनावर बसल्यावाचून ते सहज दाबता येत नसे. पुष्कळ ट्रॅक्टरांत स्टार्टरच्या तारेवर एक सुरक्षेचा खटका असतो : गिअर तटस्थ नसेल किंवा क्लच दाबलेला नसेल तर प्रवाह पुढे जात नाही. ‘डायरेक्ट’ करताना बॅटरीपासून बटण आणि बटणापासून सोलेनॉइड अशी सरळ तार टाकली की, हा सुरक्षेचा खटका मार्गातून गळतो. मग जमिनीवर, मोठ्या मागच्या चाकासमोर उभे राहून कोणी बटण दाबले आणि गाडी गिअरमध्ये असली, तर इंजिन सुरू होताच ट्रॅक्टर पुढे सरकतो आणि उभा असलेला मनुष्य चाकाखाली येतो. बटणही मोडले की पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बिंदू जोडून सुरू करण्याची जी रीत आहे तिच्यात हा धोका पुरता असतो, कारण ते काम जमिनीवरूनच करावे लागते. अशा प्रकारचे मृत्यू जगातील अनेक कृषिप्रधान देशांत परिचित आहेत. हँडलच्या काळी क्लीनरचे मनगट पणाला लागे. येथे मजुरीवर आलेल्या ड्रायव्हरचा जीव लागतो. दोन्ही वेळा मालक दुसरीकडे असतो.

घरातील दिव्याचा खटका या कामी लावणे हेही असेच. तो उलटसुलट प्रवाहासाठी घडवलेला असतो. बॅटरीच्या एकदिश प्रवाहात तोडताना होणारी ठिणगी सहज विझत नाही, आणि त्यातून दिवे व इतर सामग्री यांचा सर्व भार नेला तर तो तापतो. वास्तविक योग्य रचना अवघड नाही. बॅटरीनंतर फ्यूज, मग वाहनासाठीच बनवलेला खटका, त्या खटक्याच्या पुढून बटणाला तार, आणि बटणाची तार सुरक्षेच्या खटक्यातूनच सोलेनॉइडकडे. बटणाला गुडघा लागणार नाही असे खोबण. ज्या मोटारीत किल्लीने स्टीअरिंग बंद होते तिच्यात स्टीअरिंगचे कुलूप आधी काढावे लागते, अन्यथा ते चालत्या गाडीत अडकू शकते. शर्यतीच्या मोटारींत खटका व बटण हीच पद्धत आजही प्रशस्त मानली जाते. तेथे तिला कोणी ओबडधोबड म्हणत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीझ कंपनीने अशी गाडी आणली की, जिच्यात किल्ली कोठेही घालावी लागत नाही. ती खिशात असली म्हणजे गाडी तिला ओळखते आणि चालक केवळ बटण दाबतो. पुढील काळात ही सोय लहान मोटारींतही आली, आणि लातूरच्या रस्त्यांवर ती आज दुर्मीळ नाही. वायरिंगवाल्याला अशी गाडी ‘डायरेक्ट’ करता येत नाही, कारण परवानगीची खूण इंजिनाच्या नियंत्रक यंत्रणेतच तपासली जाते. क्रायस्लरने १९४९ साली जोडलेल्या कृती येथे पुन्हा विलग झालेल्या आहेत : बटण डॅशबोर्डावर, परवानगी खिशात. नव्या गाडीची ही सोय ‘बटण स्टार्ट’ या नावाने ओळखली जाते. लग्नकार्यात दाराशी आडवी उभी राहिलेली अशी एखादी गाडी बाजूला घ्यावयाची असली, म्हणजे मंडपातून आरोळी मात्र जुन्याच शब्दांत उठते : ‘किल्ली कोणाजवळ आहे?’